यातली मेख

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला लाल कॅन्यनांत, म्हणजे खोल दऱ्यांत, गाडीने हिंडायचं आणि रात्री तंबूत झोपायचं, हा बेत दिवाणखान्यात फार सोपा वाटतो. आर्चेस नॅशनल पार्कातल्या डेव्हिल्स गार्डनमध्ये तंबूच्या जागा 51. हंगामाचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि चहा गाळेपर्यंत संपतं. गणपतीत कोकणकन्येचं तिकीट काढलेल्याला हे युद्ध ओळखीचं, फक्त इथे आरएसी नाही. हुकलंच, तर मोआब गावाजवळ 128 क्रमांकाच्या रस्त्याला कोलोराडो नदीकाठी तंबूच्या सरकारी जागा आहेत, आधी येईल त्याच्या. सकाळीच गाठायच्या. दुपारी चारला पोचणाऱ्याने नदी बघावी आणि मोटेलचा भाव विचारावा.

मग तंबू. त्याच्यासोबत येणाऱ्या तारेच्या मेखा हिरवळीसाठी असतात. इथे खाली एकतर सलग वालुकाश्म, त्यात मेख शिरत नाही. नाहीतर कोरडी वाळू, तीत ती लोण्यासारखी शिरते आणि तशीच बाहेर येते. खडकावर उपाय असा: दोरीच्या टोकाचा फास नारळाएवढ्या दगडाला घालायचा आणि त्याच्या अलीकडे, तंबूच्या बाजूला, दोरीवर कलिंगडाएवढा धोंडा ठेवायचा. वाऱ्याने दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला अडतो. वाळूत कापडी पिशवी वाळूने भरून दोरीला बांधा आणि फूटभर खोल पुरा. तंबू उभा राहताक्षणी जड बॅगा आत ढकला. दुपारचा वारा रिकाम्या तंबूला पतंग समजतो.

पाणी माणशी दिवसाला किमान 4 लिटर. चौघं, तीन दिवस, म्हणजे 48 किलो. मागच्या सीटवर एक पाहुणा बसवल्यासारखंच. तो रोज 16 किलोंनी बारीक होतो, एवढंच समाधान. पेट्रोलचं सांगायचं, तर आय-70 महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांमध्ये सुमारे 170 किलोमीटर एकही पंप नाही.

युटातल्याच ब्राइस कॅन्यनचा कडा 2400 मीटरच्या वर आहे. तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ रात्रभर नुसती पोहत राहते. कुकर न्याच, पण त्याच्या शिट्ट्या रात्री 10 च्या आत आटपा, नंतर शांततेची वेळ असते. स्टोव्हचा गॅस तिथेच विकत घ्या, विमानात तो चालत नाही. आणि मोआबमध्ये घामाघूम झालात म्हणून स्वेटर गाडीच्या तळाशी कोंबू नका. मे महिन्यातही ब्राइसला रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो.

उन्हाळ्यात युटा घड्याळ तासभर पुढे करतं, शेजारचं ॲरिझोना करत नाही, ॲरिझोनातलंच नव्हाहो नेशन, म्हणजे नव्हाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, मात्र करतं. अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नव्हाहोंच्या जमिनीवर, पण तिथल्या सहली पेज गावच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या घड्याळाने निघतात. टॉवर बदलला की फोन आपल्या मनाने वेळ बदलतो. त्याची ती अक्कल बंद करून मनगटी घड्याळ लावावं.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी याच घळीच्या लोअर अँटिलोप भागात पाण्याचा लोंढा येऊन 11 पर्यटक गेले. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. जुलै ते सप्टेंबर डोक्यावरचं निळं आभाळ बघून घळीत उतरू नये, वरच्या अंगाच्या पावसाचा अंदाज आधी विचारावा.

आता पहाटेचा प्रश्न. जमिनीवरची काळी, खरबरीत साय सूक्ष्मजीवांची असते. एक पाऊल पडलं तर भरून यायला दशकं जातात. म्हणजे झुडपाआड पळायची सोय गेली. खड्डा खणूनही उपयोग कमी, कारण कोरड्या मातीत काही लवकर कुजत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी यासाठीच मिळणाऱ्या दुहेरी पिशवीतच उरकून ती सोबत आणावी लागते. आतली पावडर ओल शोषून तिचा गोळा करते. आपली मेख इथे: धुण्याचं पाणी पिशवीत गेलं, तर पावडर तेही इमानदारीने फुगवते आणि पिशवी दुप्पट जड होते. तांब्या बेताने वापरा. बाहेरच्या पिशवीची झिप दोनदा तपासा, ती घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा आणि बादली डिकीत कुकरपासून शक्य तितकी लांब.