होरायझन राजा, मग बाकीचे पाच कोण?

पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: ढगात शिरलात की आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते क्षितिजाच्या रेषेवर दाखवणारी डायल, हाच राजा, नजर तिथून हलवू नका. जो होरायझन बघत नाही तो १७८ सेकंदांत मरतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. स्पीड काय, जीपीएसही सांगतो. आणि हजारो तास उडवलेल्याला तर विमान अंगालाच कळतं. आठवड्याभरात चौघांनी मला तो पाठवला. त्यातले दोघे पुढच्या महिन्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं काही न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवण्याच्या परवान्याची, टेस्ट देणार आहेत, म्हणून हा खटाटोप.

होरायझनचं श्रेय त्याला देऊन टाकू. नाक वर की खाली, पंख किती कलले, हे एका नजरेत सांगणारं दुसरं उपकरण पॅनेलवर नाही. स्कॅन, म्हणजे होरायझन आणि बाकीच्या पाच डायलांवरून (वेग, उंची, दिशा, वळण, चढ-उतार) नजरेची फेरी, तिथून निघतो आणि तिथेच परत येतो, हे मीही शिकवतो. पण २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकी पायलट जिमी डूलिटलनं झाकलेल्या कॉकपिटमधून विमान उडवून परत उतरवलं, तेव्हाही स्पेरीच्या होरायझनच्या जोडीला दिशा दाखवणारा डिरेक्शनल जायरो आणि उंची बारकाईनं दाखवणारा कोल्समनचा अल्टिमीटर होताच. कारण साधं आहे. नाकात एका अंशाचा फरक पडला तर होरायझनवर तो जेमतेम रेषेच्या जाडीएवढा दिसतो, आणि १०० नॉटला तेवढ्यानं विमान मिनिटाला सुमारे १७५ फूट खाली जातं. राजा म्हणतो सगळं आलबेल, चोरी पकडतो अल्टिमीटर.

हे झालं राजा खरं बोलत असताना. खोटं बोलायला लागला तर?

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे ७४७ विमान रात्री साडेआठनंतर सांताक्रूझहून दुबईला निघालं. ढगात शिरायचीही वेळ आली नाही. किनारा ओलांडला की पुढे नुसता काळोख, पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं याचा पत्ता नाही. उजवीकडचं वळण संपवून विमान सरळ झालं, पण भारतीय चौकशीनुसार कॅप्टनसमोरचा होरायझन उजवीकडे कललेलाच राहिला. तो सरळ करायला त्यांनी विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, पंख उभे होऊन त्याही पलीकडे जाईपर्यंत. दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात २१३ माणसं गेली. को-पायलटसमोर दुसरा होरायझन होता, शिवाय तिसरा स्टँडबाय, म्हणजे राखीव. फ्लाइट इंजिनिअरनं शेवटच्या क्षणांत कॅप्टनचं लक्ष दुसरीकडे वेधायचा प्रयत्न केला, ते रेकॉर्डरवर आहे. (उपकरण बनवणाऱ्यांना दोषी धरायला अमेरिकेतल्या कोर्टानं १९८५ मध्ये नकार दिला, तो वाद वेगळा.) पुढे १९९९ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला कोरियन एअरच्या मालवाहू ७४७ चं जवळजवळ हेच झालं. दोन होरायझन जुळत नाहीत म्हणून भोंगा वाजत होता, तरीही.

आता ते १७८ सेकंद. आकडा खरा आहे, अर्थ उलटा लावलाय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग केला. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पण त्या विमानात होरायझन मुद्दाम झाकलेला होता! मग त्याच लोकांना वळण दाखवणाऱ्या टर्न इंडिकेटरची सुई मधोमध कशी धरायची आणि मागे वळून ढगाबाहेर कसं यायचं हे शिकवलं, तेव्हा होरायझनशिवायच जवळजवळ प्रत्येक वेळी जमलं. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी पुरावा आणला तो माझ्या बाजूचा.

माझ्या ट्रेनिंगमध्ये एकदा डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावतात ती झापड) असताना इन्स्ट्रक्टरनी पुढे वाकून होरायझनवर रबरी चकती चिकटवली. मी व्हर्टिकल स्पीडच्या, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या, सुईमागे धावत सुटलो. ती सुई काही सेकंद मागे असते, त्यामुळे मी दुरुस्त करी ते आधीच्याच चुकीला. ३०० फूट वर, ४०० खाली, तळहात ओले. शेवटी सरांनी टर्न कोऑर्डिनेटरवर, म्हणजे वळण दाखवणाऱ्या डायलवर, नुसती टिचकी मारली. जुन्या सेस्नात, म्हणजे ट्रेनिंगच्या छोट्या विमानात, होरायझन आणि दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर दोन्ही व्हॅक्यूम पंपावर चालतात, टर्न कोऑर्डिनेटर मात्र विजेवर. पंप गेला की होरायझन फट्‌दिशी बंद पडत नाही. आतली भिंगरी, म्हणजे जायरो, हळूहळू मंदावतो, रेषा लबाडीनं कलत जाते, आणि एकाच डायलवर नजर खिळवणारा तिच्यासोबत कलत जातो.

जीपीएसचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तो जमिनीवरचा वेग सांगतो. पाठीमागून ४० नॉट वारा असेल तर स्क्रीनवर ९५ दिसतील आणि पंखांना मिळतील ५५. अर्थात एअरस्पीडचा काटाही देव नाही. वेग मोजायला समोरची हवा आत घेणारी पिटो ट्यूब तुंबली तर चढताना तो वेग वाढवून दाखवतो. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बर्गनएअरचं ७५७ असंच पडलं, १८९ माणसांसह, आणि त्यातही को-पायलटचा काटा बरोबर होता.

राहिलं ‘अंगाला कळतं’. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव एकसारख्या वळणात साधारण २० सेकंदांत वळणाशी जुळवून घेतो. मग अंग सांगतं, आपण सरळ आहोत. सरळ केलंत की तेच अंग ओरडतं, उलट्या बाजूला कललो. तासांनी हा द्रव शहाणा होत नाही. ‘एम्परर अशोक’च्या कॅप्टनच्या खात्यात सुमारे १८,००० तास होते.

टेस्ट देणाऱ्या दोघांना मी एवढंच कळवलंय: पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) रबरी चकत्या दोन न्या, एक होरायझनला, एक हेडिंग इंडिकेटरला. पंप गेला तर एक पुरत नाही.