मामांचे समालोचन, फेऱ्या पंधरा

मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या ज्या मुष्टियुद्धाच्या झुंजीचा निकाल १९७४ सालीच लागून गेलेला आहे, ती आज पाहताना कोणाचा रक्तदाब वाढण्याचे वस्तुतः काही कारण नाही. माझ्या सासऱ्यांचा मात्र वाढतो, आणि तो वाढला की सासूबाई माझ्याकडे पाहतात, कारण टीव्हीवर जुन्या मुष्टियुद्धांची चित्रणे शोधून लावून देण्याचे काम जावई या नात्याने माझ्याकडे आहे.

मामांचे तारुण्य बेळगावातल्या शहापूरच्या तालमीत गेले आणि पुढचे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात. तालमीने त्यांना डाव शिकवले, मागांनी त्यांचे कान नेले. त्यामुळे टीव्हीचा आवाज नेहमी शेवटच्या टोकाला असतो आणि बीबीसीचे समालोचक हॅरी कार्पेंटर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत स्वच्छ ऐकू जातात. समालोचन कसे असावे, याचा मामांचा मानदंड म्हणजे आनंदवाडीचा कुस्ती आखाडा. तेथे पैलवान मातीत उतरला, की त्याचे गाव, तालीम, वस्ताद आणि इनाम लावणाऱ्याचे नाव लाउडस्पीकरवरून पुकारले जाते आणि मागे हलगी कडाडत असते. कार्पेंटरसाहेब यातले काही मराठीत सांगत नसल्याने ती जबाबदारी माझ्यावर येते.

“जावईबापू, ह्या अलीचा वस्ताद कोण म्हणायचा?”

“अँजेलो डंडी, मामा. तालीम मायामीची.”

“आणि त्या फोरमनचा?”

“डिक सॅडलर. शिवाय आर्ची मूर.”

“दोन-दोन वस्ताद? मग हरतंय बघा ते.”

हे भाकीत बरोबर ठरणार हे मला ठाऊक असते, त्यांनाही ठाऊक असते; तरी आफ्रिकेतल्या किन्शासाची ती झुंज सुरू झाली की निकाल या खेपेला बदलेल अशा धास्तीने ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. फोरमन तोवर अपराजित, वय २५. अली ३२ वर्षांचा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची सोय पाहून झुंज किन्शासातल्या पहाटे चारच्या सुमारास ठेवलेली. (मामांना ही एकच गोष्ट मनापासून पटते. त्यांच्या मते पहाटे चारला उठत नाही तो पैलवानच नव्हे.) परंतु अली दोरांना टेकून, तोंडासमोर हात धरून नुसता मार खात राहतो, तेव्हा त्यांचा संयम सुटतो. “अहो, दोर कशाला बांधलाय ह्यांनी? मातीत दोर असतोय काय कुठं? तिथं टेकून काय झोपालाय त्यो?” दमवण्याची युक्ती आहे, असे मी ओरडून सांगतो. सातव्या फेरीअखेर तिन्ही गुणपत्रिकांवर अलीच पुढे होता, हेही सांगतो. कागदावरच्या हिशेबावर मामांचा विश्वास नाही; निकाली कुस्ती एवढीच त्यांना मान्य.

आठव्या फेरीत कार्पेंटर सांगू लागतात की अली फारच थकलेला दिसतो, त्याला हात उचलणेही कठीण झाले आहे. आणि ते वाक्य हवेत विरते न विरते तोच अली त्याच हातांनी फोरमनला आडवा करतो. समालोचकाची इतकी तातडीने झालेली फजिती मी दुसरी पाहिलेली नाही. याच क्षणी भिंतीपलीकडचे शेजारी “सौंड कम्मी माड्री!” (आवाज कमी करा!) असे म्हणत दारात येतात, पडद्याकडे पाहतात आणि दिवाणावर बसकण मारतात. तेथून पुढे फोरमनला ते कन्नडमध्ये “एळू, एळू” म्हणून उठवतात, मामा मराठीतून झोपवतात आणि पंच मात्र इंग्रजीतून दहा आकडे पुरे करतात.

एवढ्यावर दुपार संपत नाही. १९७१ सालच्या ८ मार्चची अली–जो फ्रेझर झुंज ही पूर्ण पंधरा फेऱ्यांची. तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती, म्हणजे एकूण ५९ मिनिटे. ते विसाव्याचे मिनिट अमेरिकी टीव्हीला जाहिरातीसाठी जणू मापात शिवून मिळाले होते. एके काळी तिकडे शुक्रवारची रात्र म्हणजे मुष्टियुद्ध आणि जिलेटची पाती, असे समीकरणच होते. आमच्या घरी त्या मिनिटात चहा, कुंदा ही बेळगावी मिठाई आणि मागच्या फेरीचा पंचनामा उरकला जातो. या झुंजीचे मुख्य समालोचक डॉन डन्फी हे माझे आवडते. १९४१ मधल्या जो लुई–बिली कॉन लढतीपासून रेडिओ गाजवलेला हा गृहस्थ टीव्हीवर मोजकेच बोलत असे, कारण प्रेक्षकाला डोळे असतात हे त्याला मान्य होते. शेजारी बर्ट लँकेस्टर हा सिनेमातला नट आणि तेच वस्ताद आर्ची मूर बसलेले असल्याने एकंदर शांततेचे प्रमाण बेताचेच. तथापि डन्फी गप्प बसला की ती सुखद पोकळी मला दोन क्षण ऐकायची असते. मामांना ती सहन होत नाही. “ह्यो बोलत का नाही? पगार कशाचा घेतोय?” असे म्हणून ते ती स्वतः भरून काढतात.

पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक बसतो आणि अली थेट पाठीवर पडतो. मामा ताडकन उभे राहतात. “पाठ लागली! चितपट! संपली कुस्ती!” अली पंचांची मोजणी अर्ध्यावर येण्याआधीच उठून पुन्हा लढू लागलेला असतो. मामांच्या दृष्टीने हा सरळसरळ चिडीचा डाव. पाठ टेकलेला माणूस पुन्हा उठतोच कसा, याचे उत्तर ते माझ्याकडे मागतात, जणू नियम मीच केले. शेजारी “बिद्द, बिद्द” (पडला, पडला) म्हणत दुजोरा देतात. शेवटी घंटा होते, गुणांची बेरीज होते आणि तिन्ही पंच एकमताने फ्रेझरला विजयी ठरवतात.

“मी कधीचा सांगालोय की!” मामा खाली बसत म्हणतात. “एवढं लिहायला तिघं कशाला लागले? लावा आता ह्या दोघांची ती मनिलाची झुंज.”