"मोबाईलने बिघडलेलं मूल मोबाईलने सुधारत नसतं" म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेतल्या पालकांच्या, आणि एक ग्रुप आहे जिथे फक्त सुप्रभात येतं, तिथेही. "पालकांनो सावधान" अशी सुरुवात आणि पुढे मुद्दे: ऑनलाइन पेरेंटिंग कोर्स म्हणजे लूट, मोबाईलने बिघडलेलं मूल मोबाईलने सुधारत नसतं, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, कोर्स घेणारे अर्ध्यात सोडतात, ही परदेशी थेरं आपल्याकडे चालत नाहीत, वेळेवर दोन फटके दिले की पोर सरळ येतं, आणि घरात आजी असताना ॲप कशाला.

आधीच सांगून टाकते, मी तटस्थ वगैरे नाही. गेली चार वर्षं मी हट्ट, आदळआपट, मारणं-चावणं, उलट बोलणं याने मेटाकुटीला आलेल्या आईबाबांसाठी मराठीत ऑनलाइन धडे लिहितेय, आणि धड्यानंतर त्यांना फोन करणाऱ्यांतली एक मीही आहे. मेसेज वाचून चिडले, पण त्यातला एक मुद्दा खराय, आणि नेमका तोच लिहिणाऱ्याने एका ओळीत उरकलाय.

"मोबाईलने बिघडलेलं मूल मोबाईलने सुधारत नसतं."

वाक्य झकास आहे, पण मोबाईल मुलाच्या हातात द्यायचाच कुठेय? धडा मोठ्यांसाठी असतो. मूल झोपल्यावर, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता इयरफोन घालून ऐकायचा. आता हे बघा. वाण्याच्या दुकानात चार वर्षांचे चिरंजीव बरणीतलं चॉकलेट मागतात, आई नाही म्हणते, तो रडतो, ती अजून ठाम नाही म्हणते, मग तो फरशीवर लोळण घेतो, मागची माणसं बघायला लागतात, आणि आई वाण्याला म्हणते, "द्या हो एक." लगेच शांतता. इथे दोघंही काहीतरी शिकले. तो शिकला की नुसतं रडून मिळत नाही, लोळून मिळतं, आणि आई शिकली की दिलं की गप्प बसतो. पुढच्या वेळी सुरुवातच लोळण्यापासून. अमेरिकेत ओरेगॉनला जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या टीमने लोकांच्या घरी माणसं बसवून असले प्रसंग टिपले नि हा फास कसा बसतो ते दाखवलं, आजचे बरेचसे पालक-प्रशिक्षणाचे कार्यक्रम त्यावर उभे आहेत. तो फास आई सोडवू शकते, चार वर्षांचं पोर नाही, म्हणून धडा आईला.

आणि पडद्यावरून शिकवणं तर मोबाईलच्या आधीचं आहे हो. सिएटलच्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या 1988 च्या अभ्यासात काही पालकांना नुसत्या व्हिडिओ कॅसेट एकट्याने बघायला दिल्या, काहींना गटात चर्चा, काहींना दोन्ही. तिन्हींचा फायदा झाला, दोन्ही मिळालेल्यांचा थोडा जास्त. हे "थोडा जास्त" लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"सगळं यूट्यूबवर फुकट आहे."

आहे ना. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मॅट सँडर्स यांच्या टीमने ट्रिपल पी या पालकांसाठीच्या कार्यक्रमाचे ऑनलाइन धडे तपासले, 2012 ची गोष्ट, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचे 116 पालक. एका गटाला आठ धडे, दुसऱ्याला काय, तर तुम्ही नेहमीसारखं इंटरनेट वापरत राहा. म्हणजे आपला यूट्यूबवाला गटच की तो! धडेवाल्या घरांत मुलांचं त्रासदायक वागणं जास्त कमी झालं आणि सहा महिन्यांनीही ते बहुतेक टिकून होतं. माहिती कुणालाच कमी पडत नाहीये, अडतं ते करून बघण्यापाशी. 77 अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये छापलेल्या एका आढाव्यात दिसलं की जिथे पालकांना तिथल्या तिथे स्वतःच्याच मुलासोबत सराव करायला लावतात तिथे परिणाम मोठा. यूट्यूब पुढचा व्हिडिओ लावतं, "थांब, आधी हे करून ये" असं ते कधी म्हणालंय का?

लुटीचं म्हणाल तर "21 दिवसांत मूल बदला" असं छापून हजारो रुपये उकळणारे आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही.

"कोर्स घेणारे अर्ध्यात सोडतात."

हा तो खरा मुद्दा. फक्त समोरासमोरच्या वर्गांतूनही पालक असेच गळतात, हे मेसेजवाल्याने सांगितलं नाही. अमेरिकेतल्या अनिल चाको यांच्या टीमने 2016 मध्ये असे बरेच अभ्यास चाळले, तर गरज असलेल्यांतले साधारण पाव येतच नाहीत आणि आणखी पाव मधेच सोडतात. आणि ॲपचं तर विचारूच नका. मानसिक आरोग्याची 93 लोकप्रिय ॲप 2019 मध्ये तपासली गेली, महिन्याने ती उघडणाऱ्यांचा मधला आकडा निघाला 3.3 टक्के. तीन पॉइंट तीन! मेसेज लिहिणाऱ्या काकांनी हा आकडा टाकला असता तर मी गप्पच बसले असते.

पण पालक सोडतात याचा अर्थ पालक आळशी असा नाही, धडा कसा बांधलाय ते बघायला लागतं. आमचा पहिला कोर्स मीच लिहिला होता, आता लाज वाटते. आधी 25 प्रश्नांचा फॉर्म, मग 40 मिनिटांचा व्हिडिओ, पांढरा कोट घातलेले डॉक्टर, मागे पुस्तकांचं कपाट. एका आईला फोन केला तर म्हणाली, "ताई, छान होतं हो, पण मी सतराव्या मिनिटाला होते आणि यानं धाकटीला चावलं." तिने तो व्हिडिओ परत उघडला नाही, मीही उघडला नसता.

मग आम्ही सगळं मोडलं. धडा सहा मिनिटांचा, हवा तर नुसता ऐकता येईल असा, डॉक्टरांच्या जागी दोन खोल्यांच्या घरातली आई आणि ओरडणारा मुलगा, आणि आईही चुकते त्यात, पहिल्यांदा चुकते मग दुसऱ्यांदा जमतं. एका धड्यात एकच गोष्ट, तीही आज संध्याकाळी करता येईल अशी. पहिल्या धड्यात शिस्त नाहीच, रोज दहा मिनिटं मुलाबरोबर तो म्हणेल तो खेळ खेळायचा आणि सूचना द्यायच्या नाहीत, बस. यावर लोक हमखास भडकतात, "आम्ही हट्टासाठी आलो आणि तुम्ही खेळायला सांगताय?" पण चार दिवसांनी घरातला आवाज जरा खाली आला की तेच लोक दुसरा धडा मागतात. आणि ती "तुम्ही 3 धडे मागे आहात" ही लाल पट्टी काढली, हप्ता थकल्यासारखी वाटायची ती, लोक ॲप उघडायलाच घाबरायचे. आता नुसतं विचारतो, हा आठवडा कसा गेला. बाबांना वेगळी लिंक पाठवतो, कारण आईच्या फोनवरचा धडा बाबा कधीच ऐकत नाहीत, हे मी लिहून देते.

आणि फोन. हाच तो "थोडा जास्त". फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या आंद्रे सौरांदर यांच्या टीमने चार वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीतच पालकांना प्रश्नावली दिली, 4656 जणांना, त्यातून जास्त त्रास असलेली 464 कुटुंबं अभ्यासात आली. निम्म्यांना वेबसाइटवर 11 धडे आणि दर आठवड्याला एक फोन. फोन करणारी बाई पालकांना प्रत्यक्ष कधी भेटलीच नाही, तरी वर्षभराने मुलांचं वागणं दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेलं होतं. दुसऱ्या गटालाही वेबसाइट होती बरं का, आणि एकच फोन. 2016 मध्ये आलंय हे. म्हणजे मेसेजमध्ये माणूस आणि मोबाईल अशी जी कुस्ती लावलीय ती कुस्तीच नाहीये, माणूस मोबाईलवरूनच येतो. तो मानसशास्त्राचा डॉक्टरच हवा असंही नाही, गोव्यात संगत संस्थेने साध्या प्रशिक्षित माणसांकडून नैराश्याचे उपचार करून दाखवलेत.

"परदेशी थेरं."

तत्त्व परदेशी नाही, भाषांतर परदेशी असतं. उदाहरण देते. मूळ धड्यात असतं, सूचना प्रश्नासारखी देऊ नका, "आंघोळीला जायचं का?" विचारलंत तर मूल "नाही" म्हणणारच. बरोबर. पण आपल्याकडे "जातोस का आंघोळीला?" हा प्रश्न नसतोच, ती धमकी असते, आणि पोरांना ती तिसऱ्यांदा आवाज चढल्यावरच ऐकू येते. मग धडा तिथून सुरू करावा लागला. कौतुकाचं तर त्याहून अवघड. "तोंडावर कौतुक केलं की शेफारतो" हे आपल्या रक्तात. पालकांना वाक्यं पाठ करायला दिली तर "शाबास, तू खूप छान काम केलंस" असं बाईंसारखं बोलायला लागले आणि पोरं बघतच राहिली. एका बाबांनी स्वतःचं शोधलं, "चपला जागेवर? आज कुणीकडून उगवला रे सूर्य?" पोरगा खूश. आम्ही तेच धड्यात घातलं.

"दोन फटके."

75 अभ्यासांतल्या 1,60,927 मुलांचा 2016 चा आढावा आहे, फटक्यांनी वागणं सुधारल्याचं त्यात कुठे दिसत नाही, उलट चिडखोरपणा, मारामारी असल्याच गोष्टींशी फटके जोडलेले दिसतात. फटका बसला की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून आपल्याला वाटतं चालतोय. परत वाण्याचं दुकान.

"घरात आजी असताना ॲप कशाला."

आजी असताना तर जास्तच! मुलाने कुणाला मारलं तर दोन-तीन मिनिटं बाजूला शांत बसवायचं, त्या वेळात कुणी बोलायचं नाही, असा एक धडा आहे. दोन खोल्यांच्या घरात बाजूला म्हणजे कुठे, तर आजीच्या कॉटवर. आणि आजी पदराखाली घेऊन बिस्किट देते, म्हणजे बहिणीला मारलं की बिस्किट. आयांचे फोन यायचे, सासूबाईंना कोण सांगणार? मग आम्ही आजीसाठी वेगळा व्हॉइस नोट केला, सत्तरीच्या बाईंच्या आवाजात, त्यात पहिली दोन मिनिटं फक्त त्यांच्या नातवाच्या खोड्या. मिरजेच्या एका आजींनी मेथी निवडता निवडता दोनदा ऐकला आणि सुनेच्या फोनवरून मला म्हणाल्या, "हे तर मी पहिल्यापासून सांगत्येय. आता मी बिस्किट देत नाही. तीन मिनिटं झाली की मग देते."

यावर काय म्हणायचं ते आमच्या टीममध्ये अजून ठरलेलं नाही.