‘चार दिवसांत रेडिओग्राफी शिका’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

महाड, खेड, चिपळूण, गुहागरकडच्या नोकरीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मलाच तो वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला आणि प्रत्येकाने खाली विचारलं होतं, ‘पोराला पाठवू का?’ मेसेज थोडक्यात असा:

‘रेडिओग्राफी हेल्पर पाहिजेत. आयटीआय नसलं तरी चालेल. ट्रेनिंग, सर्टिफिकेट हे पैसे काढायचे धंदे आहेत, चार दिवस साइटवर राहिलं की सगळं येतं. सोर्स बंद पेटीत असतो, काम मशीनच करते. एक शॉट दोन मिनिटांचा. बॅज आणि शिशाचा अ‍ॅप्रन मिळेल, त्यामुळे किरणं लागत नाहीत. सोर्स जुना आहे, पावर उतरलेली आहे. रोज दूध-गूळ घ्यायचा. हेल्परने फक्त दोरी बांधायची आणि पेटी राखायची. सर्टिफिकेटवाला माणूस कंपनीत असतोच.’

मी याच कामात आहे. या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि चुकीची किंमत मेसेज पाठवणारा एजंट भरणार नाही, साइटवर गेलेला पोरगा भरेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी काम काय ते सांगतो. थळचा खत कारखाना असो, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्लांट, लोटे-परशुरामची एमआयडीसी किंवा दाभोळहून बेंगळुरूपर्यंत गेलेली गॅसची पाइपलाइन, यांच्या पाइपांचे आणि टाक्यांचे वेल्डिंगचे जोड आतून पक्के आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही. जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची आणि दुसऱ्या बाजूने एक्स-रे किंवा गॅमा किरण सोडायचे. आत पोकळी, भेग किंवा अडकलेला स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ असेल तर फिल्मवर उमटतो. एक्स-रे मशीनचं बटण बंद केलं की किरण बंद. गॅमाच्या सोर्सला बटण नसतं. इरिडियम-192 ची ती बारीकशी कुपी रात्रंदिवस किरण सोडत असते, तुम्ही तिथे असा नाहीतर नसा.

‘सोर्स बंद पेटीत असतो’ ही ओळ सगळ्यांत घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे. ज्याला आम्ही कॅमेरा म्हणतो ती वीस-पंचवीस किलोची पेटी, आत बहुतेक वेळा किरण अडवणारं डिप्लिटेड युरेनियमचं कवच. कामाच्या मधल्या वेळात सोर्स त्यात असतो. शॉटच्या वेळी, म्हणजे फिल्मवर किरण सोडताना मात्र तो पेटीत नसतोच. लांबून क्रँक फिरवायचा, केबल पुढे सरकते आणि केबलच्या टोकाला अडकवलेला सोर्स गाइड ट्यूबमधून थेट जोडापाशी जाऊन बसतो. शॉट संपला की क्रँक उलटा फिरवून तो परत ओढायचा. सगळा खेळ केबल आणि सोर्सच्या शेपटीला जोडणाऱ्या एका बोटाच्या पेराएवढ्या कनेक्टरवर आहे. तो झिजला, नीट अडकला नाही किंवा ट्यूबला मुरड पडली, तर केबल एकटीच परत येते.

किनाऱ्याजवळच्या एका फॅब्रिकेशन यार्डात हे मी जवळून पाहिलं. रात्रीची वेळ, पावसाळा नुकताच संपलेला. क्रँकचे वेढे मोजून पूर्ण झाले, हाताला काही वेगळं जाणवलं नाही. नवीन पोरगा दुसरी फिल्म घेऊन जोडाकडे निघाला. सर्टिफाइड रेडिओग्राफरची नजर सर्व्हे मीटरवर, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्रावर होती. सोर्स आत आला की मीटरचा काटा खाली पडतो. काटा पडला नाही. त्याने पोराला दंडाला धरून मागे खेचलं आणि सगळ्यांना धोक्याच्या हद्दीला बांधलेल्या दोरीच्या बाहेर काढलं. सोर्स ट्यूबमध्येच राहिला होता. मग दोरी आणखी लांब नेली, चारी बाजूंनी माणसं उभी केली, आरएसओला, म्हणजे किरणांपासूनच्या सुरक्षेच्या अधिकाऱ्याला फोन केला. पुढचं काम लांब चिमटे आणि शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन आलेल्या, त्याचं खास शिक्षण घेतलेल्या माणसांनी केलं.

त्या पोराची चूक नव्हती. वास नाही, आवाज नाही, उजेड नाही, गरम लागत नाही. वेढे बरोबर होते. त्याला सांगणार कोण? मीटरच सांगू शकतो आणि मीटर वाचायला शिकावं लागतं: निघण्यापूर्वी बॅटरी तपासायची, मीटर चालू आहे याची खात्री करायची, कॅमेऱ्याकडे मागच्या बाजूने मीटर पुढे धरून जायचं, मग पुढचं तोंड, मग ट्यूब टोकापर्यंत, आणि त्यानंतरच कुलूप. काही जुन्या पद्धतीचे मीटर फार तीव्र किरणांत गुदमरतात आणि काटा शून्याकडे येतो. हे ज्याला माहीत नाही तो शून्य बघून सरळ सोर्सजवळ जाईल. आपल्याकडची लाल माती आणि खारी हवा कनेक्टर, केबल लवकर खराब करते. म्हणून रोज कामाआधी गेज लावून झीज बघायची असते. चार दिवस साइटवर उभं राहणाऱ्याला यातलं काय कळणार? चारही दिवस सगळं सुरळीत गेलं, तर त्याला एवढंच कळतं की क्रँक फिरवला की सोर्स परत येतो.

‘शॉट दोन मिनिटांचा.’ मग हिशेबच करू. सोर्सची ताकद क्युरीत मोजतात, शरीराला बसणारी मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये. 30 क्युरीचा इरिडियम सोर्स उघडा असताना एक मीटरवर तासाला साधारण 150 मिलिसीव्हर्ट देतो. किरणांत काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आहे, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. म्हणजे एक मीटरवर आठ मिनिटं, आणि वर्षाचे 20 संपले. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट, तो तर अर्ध्या मिनिटाच्या आत. अंतर निम्मं केलं की मात्रा चौपट होते. एका सेंटीमीटरवर, म्हणजे ट्यूब हातात धरल्यासारखं झालं की, सात-आठ सेकंदांत कातडी लाल व्हायला पुरेशी मात्रा बसते. आणि ती लाली त्या रात्री दिसत नाही. काही दिवसांनी दिसते, मग फोड, मग न भरणारी जखम. तोवर पोरगा घरी आलेला असतो आणि डॉक्टर विचारतात, ‘कुठे भाजलं?’ त्याच्याकडे उत्तर नसतं.

याच हिशेबात बचावही आहे. अंतर दुप्पट केलं की मात्रा पाव होते. शंभर मीटरवर तोच सोर्स तासाला 15 मायक्रोसीव्हर्टवर (मिलिसीव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोसीव्हर्ट) येतो, कॉलिमेटर, म्हणजे किरण एकाच दिशेला सोडणारं टोपण लावलं तर त्याहून खूप कमी. वेळ, अंतर, आडोसा, या तीन गोष्टींवर आम्ही वर्षानुवर्षं हे काम धडधाकट राहून करतो.

‘बॅज असला की किरणं लागत नाहीत.’ टीएलडी बॅज काहीही अडवत नाही. छातीवर लावायचा हा बॅज तुम्हाला किती मात्रा बसली त्याची नोंद ठेवतो आणि ती नोंद कळते बॅज लॅबमध्ये वाचल्यावर, साधारणपणे तीन महिन्यांनी. सोर्स बाहेर राहिला तर तो वाजतही नाही. वाजणारं यंत्र वेगळं, खिशात ठेवायचा डोसीमीटर. पण बॅज हवाच, कारण उद्या काही झालं तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच कागद असतो. दुसऱ्याच्या नावाचा बॅज घालायला दिला तर तोही पुरावा गेला.

शिशाच्या अ‍ॅप्रनचं थोडक्यात सांगतो. दवाखान्यातला अ‍ॅप्रन अर्ध्या मिलिमीटर शिशाच्या बरोबरीचा असतो आणि तिथल्या कमी ताकदीच्या एक्स-रेला पुरतो. इरिडियमचे किरण निम्मे करायलाच सुमारे पाच मिलिमीटर शिसं लागतं. तो अ‍ॅप्रन इथे दहा टक्केही अडवत नाही, उलट माणूस त्याच्या भरवशावर आणखी जवळ जातो.

‘सोर्स जुना, पावर उतरलेली.’ इरिडियमची ताकद दर 74 दिवसांनी निम्मी होते हे खरं. 30 क्युरीचा सोर्स पाच महिन्यांनी साडेसातावर येतो. तरी एक मीटरवर तासाला 37 मिलिसीव्हर्टच्या आसपास देतोच. शिवाय तेवढ्याच जोडाला आता चौपट वेळ शॉट द्यावा लागतो. जुन्या सोर्सच्या साइटवर माणसं कंटाळतात, घाई करतात, आणि घाईतच मीटर न घेता पुढे जातात.

दूध आणि गूळ पोटाला चांगले आहेत. गॅमा किरण शरीरातून आरपार जातात, आत साठून राहत नाहीत. त्यामुळे बाहेर काढण्यासारखं काही उरतच नाही. पेशींचं जे नुकसान व्हायचं ते झालेलं असतं.

आता हेल्परचा मुद्दा, ‘फक्त दोरी बांधायची, पेटी राखायची.’ माझ्या मते हीच दोन कामं साइटवर सगळ्यांत जबाबदारीची आहेत. आपल्याकडे गावं कामाला अगदी चिकटून असतात. जेटीच्या कामाला पहाटे भरतीबरोबर होड्या परततात आणि माणसं टोपल्या घेऊन नेहमीच्या वाटेने चढतात. पाइपलाइनच्या कामाला पाखाडी, म्हणजे गावची पायऱ्यांची वाट आडवी येते. शिमग्यात तर रात्रभर पालखी फिरते, ढोल वाजत असतो, शेपन्नास माणसं वळणावरून अचानक समोर येतात. त्यांनी लाल दिवा पाहिलाच नाही तर? दोरी किती लांब हवी हे मीटरने मोजून ठरवायचं असतं, आणि कुणी आत आलं तर ओरडून सोर्स परत घ्यायला लावायचं हे त्या हेल्परच्या अंगात भिनलेलं असावं लागतं. गावच्या सरपंचांना, देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी भेटून वेळा ठरवाव्या लागतात. शहरातून आलेल्या इंजिनिअरपेक्षा इथला पोरगा हे जास्त चांगलं करू शकतो, पण त्याला का करायचं ते शिकवलं तरच.

आणि पेटी राखणं? पेरू देशात यानँगो इथे 1999 च्या फेब्रुवारीत एका जलविद्युत केंद्रावर इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्याबाहेर पडला. एका वेल्डरला तो चमकदार तुकडा सापडला, त्याने पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि काम करत राहिला, मग घरी गेला. सोर्स नाही हे रात्री लक्षात आलं आणि त्याच्या घरून तो परत आणला. त्याचा उजवा पाय कापावा लागला. बायको आणि मुलांनाही किरण लागले. मोरोक्कोत 1984 मध्ये असाच सोर्स कुणीतरी घरी नेला, त्या घटनेत आठ जण दगावले. दोन्ही ठिकाणी उचलणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साखळीच्या शेवटच्या दुव्यासारखा, शेपूट असलेला, बोटभर लांबीचा धातूचा तुकडा भंगारात, वाळूत, कुठेही दिसला तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, इतरांना लांब ठेवायचं, पोलिसांना कळवायचं. हे यार्डातल्या वेल्डरला, फिटरला, वॉचमनलाही माहीत हवं.

‘सर्टिफिकेटवाला कंपनीत असतोच.’ कंपनीत असून उपयोग नाही, तो क्रँकपाशी हवा. देशात या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची देखरेख आहे. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखाली 2004 मध्ये किरणोत्सर्ग संरक्षण नियम केले गेले. त्यांनुसार परवाना लागतो, आरएसओला मंडळाची मान्यता लागते, कामगाराला प्रशिक्षण, मात्रेची नोंद आणि वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, अठराच्या खालच्या मुलाला कामगार म्हणून घेता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिओग्राफरसाठी आरटी-1 आणि आरटी-2 असे अभ्यासक्रम आहेत. त्यांत फिल्म काढण्याची पद्धत असते, तशीच किरणांची मोजमापं, शरीरावरचे परिणाम, वाहतूक आणि आणीबाणीही असते. शिकाऊ माणूस काम करू शकतो, पण सर्टिफाइड रेडिओग्राफरच्या डोळ्यांदेखत. तो गावातल्या लॉजवर झोपलाय आणि पोरं शॉट मारतायत, हे बेकायदा आहे.

याच मेसेजवर उत्तर म्हणून दुसऱ्या टोकाचा मेसेजही फिरतोय: रेडिओग्राफी केलेले पाइप किरणोत्सर्गी होतात, हे काम करणाऱ्याला मूल होत नाही. तोही खोटा. गॅमा किरणांनी पाइप किरणोत्सर्गी होत नाही. 2007 पासून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या हापूसला किमान 400 ग्रे गॅमा किरणं देतात (ग्रे हेही मात्रेचं माप, गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे जवळपास एक सीव्हर्ट), आणि तो आंबा माणसं खातात. मूल होण्याबद्दल: वृषणांना एकदम 150 मिलिग्रेच्या आसपास मात्रा बसली तर काही काळ शुक्राणू कमी होतात, कायमचं वंध्यत्व यायला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. वर्षाच्या 20 मिलिसीव्हर्टच्या आत राहणाऱ्याला ही भीती नाही. उघड्या सोर्सपासून एक मीटरवर तासभर उभं राहणाऱ्याला मात्र आहे. फरक शिक्षणाचा आहे.

काम वाईट नाही. हातात कसब येतं, देशात आणि आखातातही त्याला मागणी आहे. पोरांना पाठवा, पण एजंटला आधी विचारा: परवाना कुणाच्या नावावर आहे, आरएसओचं नाव आणि फोन काय, माझ्याबरोबर दोरीच्या आत सर्टिफाइड कोण असेल, मीटर किती आहेत, माझ्या नावाचा बॅज कधी मिळेल, कोर्सला कधी पाठवणार. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्या गाडीत बसू नका. आणि साइटवर पहिल्या रात्री ‘बॅज उद्या येईल, आज सांभाळून घे’ असं म्हणाले, तर त्या रात्री दोरीच्या बाहेरच थांबा.