लॉन, टँकर आणि पाण्याची वाट

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या उन्हाळ्यापासून एक वाद धुमसतो आहे. मधल्या लॉनला पाणी घालण्यासाठी टँकर मागवावा लागतो आणि तो खर्च मेंटेनन्समधून सगळ्यांच्या अंगावर पडतो, म्हणून लॉन काढून तिथे प्लास्टिकची हिरवळ अंथरावी, असा कमिटीचा प्रस्ताव आहे. लॉन गेले तर फ्लॅटचा भाव पडेल, असे विरोधकांचे म्हणणे. लॉनही नको आणि प्लास्टिकही नको, पार्किंगभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडून पाणी जमिनीत मुरेल अशी सोय करावी आणि करंज, बहावा, ताम्हण लावावेत, असे म्हणणारा तिसरा गट अगदीच अल्पमतात आहे. माझे वडील त्या गटात आहेत, आणि त्यांना दर वेळी एकच उत्तर मिळते: "काका, हे सगळं सिंगापूरला ठीक आहे." मी सिंगापूरला राहतो हे सोसायटीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे हा टोला मलाही असतो. त्यात तथ्य किती आणि पळवाट किती, हे जरा तपासून पाहावेसे वाटते.

हवामानाचा मुद्दा खरा आहे. येथे, सिंगापूरला, वर्षाला सरासरी २४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागून पडतो. पुणे शहरात सुमारे ७०० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. पण येथल्या पावसाने हे शहर वारंवार बुडवलेले आहे, आणि त्यावर येथल्या अभियंत्यांनी पूर्वी जो उपाय केला तो आपल्या महापालिकांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. नद्या-ओढे सरळ केले, काँक्रीटने बांधून काढले आणि पाणी शक्य तितक्या लवकर समुद्राकडे ढकलले. पूर कमी झाले, हेही मान्य करायला हवे. पण वसाहती आणि पाणी यांच्यामध्ये कुंपणे उभी राहिली, आणि शहर जसजसे वाढत गेले तसतसे त्याच मापाच्या कालव्यांमध्ये अधिकाधिक पाणी येऊ लागले.

अँग मो किओ या भागातल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, वसाहतीत मी भाड्याने राहतो. येथील सुमारे ऐंशी टक्के रहिवासी एचडीबीच्याच इमारतींमध्ये राहतात, त्यामुळे ही काही श्रीमंतांची वस्ती नव्हे. जवळच बिशान-अँग मो किओ उद्यान आहे. ६२ हेक्टरच्या या उद्यानाच्या कडेने पूर्वी कलांग नदीचा २.७ किलोमीटर लांबीचा सरळसोट काँक्रीट कालवा जात असे. उद्यान आणि कालवा या दोहोंचीही डागडुजी करण्याची वेळ आली, तेव्हा जलव्यवस्था पाहणारे पीयूबी आणि उद्याने सांभाळणारे एनपार्क्स या दोन खात्यांनी आपापल्या हद्दीत वेगवेगळी कामे काढली नाहीत. २००६ साली सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह, ब्यूटिफुल, क्लीन वॉटर्स’ या कार्यक्रमाखाली ती एकत्र आली, संकल्पनाचे काम लँडस्केप आर्किटेक्टांच्या, म्हणजे मोकळ्या जागेतली जमीन, पाणी आणि झाडे यांची आखणी करणाऱ्यांच्या, एका जर्मन कचेरीकडे दिले गेले, काँक्रीट फोडण्यात आले आणि नदी उद्यानाच्या मधून वळणे घेत ३.२ किलोमीटर वाहू लागली. २०१२ साली हे उद्यान नव्या रूपात खुले झाले. काठ बांधण्यासाठी दगड, काथ्या आणि मुळे धरणारी झाडे यांची जी निरनिराळी तंत्रे वापरायची होती ती आधी एका लहान प्रवाहावर लावून पाहण्यात आली आणि त्यांतली टिकली तेवढीच पुढे घेण्यात आली. आता तेथे पाणमांजरे येतात आणि वर्तमानपत्रांत त्यांचेच फोटो छापून येतात, पण माझ्या मते त्या उद्यानातली खरी पाहण्याची गोष्ट जोराच्या पावसातली आहे.

सकाळी जेथे आजी-आजोबा व्यायाम करतात ते गवताचे उतार दुपारच्या सरीत बघता बघता पाण्याखाली जातात. पाणी चढू लागले की दिवे लुकलुकतात, भोंगा वाजतो, ध्वनिक्षेपकावरून लोकांना वर जाण्याची सूचना होते आणि ती मुकाट्याने पाळली जाते. सुक्या दिवशी उडी मारून ओलांडता येईल असा प्रवाह भर पावसात शंभर मीटरच्या आसपास रुंद होऊ शकतो. पाऊस थांबल्यावर काही तासांत पाणी उतरते, गवत आडवे झालेले असते, थोडा गाळ राहतो आणि दुसऱ्या दिवशी कामगार तो काढतात. उद्यान बुडाले म्हणून कोणी तक्रार करत नाही, कारण बुडणे हे त्या उद्यानाचे ठरवून दिलेले काम आहे. आपल्याकडे पूररेषेच्या आत बाग केली की ती बुडू नये म्हणून भिंत बांधली जाते. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून पुण्यात जे भांडण चालू आहे त्याच्या मुळाशी हाच फरक आहे, असे मला वाटते. त्या प्रकल्पाचे माझ्या ओळखीतले समर्थक सिंगापूरचे फोटो पाठवतात, मात्र येथे पात्र पसरू दिले आणि काँक्रीट काढले, ही गोष्ट त्या फोटोंखाली लिहिलेली नसते.

पण नदी हा मोठा मामला झाला. सोसायटीच्या वादाला जास्त लागू पडणारी गोष्ट येथल्या इमारतींच्या पायथ्याशी आहे. पुंगगोल भागातल्या ‘वॉटरवे रिजेस’ या एचडीबी वसाहतीत पावसाचे पाणी थेट गटारात न सोडता आधी झाडांच्या खोलगट पट्ट्यांत घेतले जाते. वरून पाहिले तर ती उंच गवताची आणि झुडपांची साधी बाग आहे. खाली वाळूमिश्रित माती, त्याखाली खडी आणि तळाशी भोके पाडलेला पाइप आहे. पाणी मातीतून गाळत गाळत खाली जाते, गाळ आणि घाण वरच्या थरात अडकते, आणि गटारापर्यंत जे पोहोचते ते उशिरा व संथपणे पोहोचते. यात महागडे असे काही नाही. एवढेच की बागेची पातळी रस्त्यापेक्षा खाली आहे आणि मधल्या कठड्याला जागोजाग खाचा ठेवल्या आहेत. आपल्या सोसायट्यांमध्ये नेमके उलटे असते. वाफा विटांचा कठडा बांधून उंच केलेला, त्यात बाहेरून आणलेली लाल माती, आणि पाऊस पडला की तीच माती पेव्हर ब्लॉकवरून वाहत गेटबाहेर. पावसाळ्यात पाणी बाहेर घालवायचे आणि मार्चपासून टँकरने आत आणायचे, असा हा आपला वार्षिक उद्योग आहे.

वाफा उंच की खोल, हा निर्णय माळ्याच्या हातात नसतो. पार्किंगचा स्लॅब, उतार, गटारांच्या पातळ्या आणि पाइप ठरल्यानंतर बदलण्यासारखे फारसे काही राहतच नाही. लँडस्केप आर्किटेक्टला आपल्याकडे बहुतेक बिल्डर बोलावतात ते इमारत उभी राहिल्यावर, ब्रोशर छापायचे असते तेव्हा. मग तो पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या, स्लॅबवर जेमतेम मातीत जगतील आणि ताबा देण्याच्या दिवशी उंच दिसतील अशी पामची झाडे निवडतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो. येथे २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना आपल्या हद्दीतून पावसाचे पाणी किती वेगाने बाहेर पडेल याची मर्यादा पाळावी लागते. ही एक अट असली की पाण्याचा हिशेब पहिल्या नकाशापासून करावा लागतो, आणि झाडे लावणारा माणूस आपोआप पहिल्या बैठकीला येऊन बसतो.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका आहे असे नाही. मोकळी जागा सोडण्याचे नियम आहेत, पाऊस-पाणी संकलन अनिवार्य आहे, वृक्षतोडीसाठी १९७५ पासूनचा कायदा आहे. मनोरंजनासाठी सोडायची किमान मोकळी जागा पोडियमवर नव्हे तर जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात २०१३ साली बजावले होते. पण आपले बहुतेक नियम मोजदाद करतात: किती चौरस मीटर, किती झाडे, किती शोषखड्डे. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे त्यात नीट विचारलेच जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा पुणे आणि परिसरात विसाहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळून शेजारच्या झोपड्यांतले पंधरा जण दगावले. उतार, माती, भिंत आणि पाणी यांचा एकत्र विचार करणे हेच लँडस्केप आर्किटेक्टच्या व्यवसायाचे काम आहे, आणि तो विचार झाला नाही तर काय होते ते त्या एकाच वर्षात दोनदा दिसले. दोन्ही वेळा चर्चा पंधरा दिवसांत अतिक्रमणावर आणि चौकशी समितीवर येऊन थांबली.

आता वडिलांना मिळणाऱ्या उत्तरातले तथ्य. येथली बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि वसाहतींची देखभाल टाऊन कौन्सिलकडे असते, त्यामुळे बागेवरून सर्वसाधारण सभेत भांडावे लागत नाही. गवत कापणारे हात बरेचसे बाहेरून आलेल्या कामगारांचे असतात आणि त्या हिरवाईचे कौतुक करताना त्यांच्या मजुरीचा विषय कोणी काढत नाही. ७०० हेक्टरची तेंगाह ही नवी वसाहत ‘फॉरेस्ट टाऊन’ म्हणून गाजवली जाते. शंभर मीटर रुंद आणि पाच किलोमीटर लांब वनपट्टा तिच्यात राखला जाणार आहे, पण ती उभी करण्यासाठी तेथे पुन्हा वाढलेले जंगलच मोठ्या प्रमाणात तोडावे लागले, आणि निसर्गप्रेमींनी त्यावर उघड टीका केली. तेव्हा सिंगापूर म्हणजे आदर्श, ही भाबडी समजूत मलाही मान्य नाही.

शिवाय पुण्याच्या जमिनीची गोष्टच वेगळी आहे. आपल्याखाली काळा पाषाण आहे. वर मुरूम असेल तेथे पाणी मुरते, अखंड खडक वर आला असेल तेथे शोषखड्डा नुसता डबक्यासारखा भरून राहतो, आणि काळी चिकण माती असेल तर पाणी वरच साचते. खड्डा कुठे घ्यायचा हे आधी जमीन तपासून ठरवावे लागते, नियमात लिहिले म्हणून गेटजवळ सोयीच्या कोपऱ्यात घेऊन भागत नाही. आणि आठ कोरड्या महिन्यांत आपली बाग हिरवीगार राहणार नाही हे स्वीकारावे लागते. पानगळ झालेला पळस, वाळलेले गवत आणि उन्हात तपकिरी पडलेला उतार यांना दुर्लक्षाची खूण समजण्याची सवय आपल्याला ब्रोशरने लावली आहे. लॉनच्या बाजूने मत देणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण फ्लॅटसोबत त्यांना तेच विकले गेले होते. प्लास्टिकच्या हिरवळीला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती उन्हात तापते, पाणी मुरवणाऱ्या जमिनीची जागा खाते आणि काही वर्षांनी कचऱ्यात जाते.

वडिलांच्या गटाने आता कमिटीपुढे लहानसा प्रस्ताव ठेवला आहे: सबंध लॉनला हात न लावता उताराच्या खालच्या बाजूची एक पट्टी या पावसाळ्याआधी खोल करून पाहावी, कठड्याला खाचा पाडाव्यात आणि पाणी किती वेळ उभे राहते ते नोंदवावे. महापालिकेच्या पातळीवर माझे मागणे याहून थोडे मोठे आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना झाडे आणि खड्डे मोजले जातात तेव्हा बहुधा जमीन कोरडी असते. बिल्डरकडून काही रक्कम अनामत ठेवून घ्यावी, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, भर पावसात गेटबाहेर किती पाणी येते ते अधिकाऱ्याने रहिवाशांसमक्ष पाहावे आणि मगच ती रक्कम परत करावी. यासाठी सिंगापूरचा पाऊस लागत नाही, आणि सिंगापूरचा पैसाही लागत नाही.