सीटखालचा वूफर आणि तो पिवळा कपलर

रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, सीटखालचा पिवळा कपलर काढून ठेवला तर चालतं ना? त्याच्यामुळे वूफर आत सरकत नाहीये." मी जेवत होतो. ताटावरून उठलो आणि आधी त्याला म्हटलं, कशालाही हात लावू नकोस, गाडीची चावी काढ. मग विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणाला, आपल्याच ग्रुपवर आलंय, मोठ्या मामाने टाकलंय.

बघितलं. 'छोट्या गाडीत मोठा बास, सात सोप्या स्टेपमध्ये' असा तो मेसेज. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच. सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्ली, बास ट्यूब ठेवायला जागा उरली नाही, अशांनी सीटखालचा सपाट वूफर, म्हणजे बास (गाण्यातला खर्जाचा आवाज) काढणारा डबाबंद स्पीकर, घरच्या घरी कसा बसवायचा, हे त्यात सांगितलंय. गरज खरी आहे. आठवड्याला दोघं-तिघं तरी माझ्याकडे हेच विचारत येतात. गेली अठरा वर्षं मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतोय, आणि या सात स्टेप वाचून मला घाम फुटला. त्यातल्या तीन स्टेप माणसाच्या जिवावर उठणाऱ्या आहेत.

पहिली तीच पिवळ्या कपलरची. मेसेजमधलं वाक्य असं आहे: 'सीटखाली पिवळा कपलर जागा अडवतो, तो काढून बाजूला बांधा. एअरबॅगचा लाइट लागल्यास २ ओमचा रेझिस्टर लावा, लाइट जाईल.'

गाडीत पिवळा रंग शोभेला दिलेला नसतो. पिवळी नळी, पिवळा कपलर दिसला की ती एअरबॅगची नाहीतर बेल्ट ओढून धरणाऱ्या प्रीटेन्शनरची लाइन. अलीकडे छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग येतात. त्यातल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटांच्या पाठीत शिवलेल्या असतात आणि त्यांची वायर जमिनीतून सीटखालूनच वर जाते. म्हणजे ज्याला हा मेसेज 'जागा अडवणारा कपलर' म्हणतो, तो बाजूने गाडी धडकल्यावर त्या सीटवरच्या माणसाच्या बरगड्या वाचवणार असतो.

आणि रेझिस्टर! गाडीचा कॉम्प्युटर एअरबॅगच्या सर्किटचा रोध सतत तपासत असतो. दोन ओमच्या आसपास दिसला की त्याला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. तिथे रेझिस्टर टोचायचा म्हणजे कॉम्प्युटरशी खोटं बोलायचं. लाइट गेला, पण एअरबॅग नाही. पुढे ती गाडी ज्याला विकाल, त्याला हे कधीच कळणार नाही. बाजूच्या धडकेत दार आणि माणूस यांच्यात वीतभर अंतर असतं. म्हणून ती एअरबॅग १० ते २० मिलीसेकंदांत फुगावी लागते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तिथे रेझिस्टर काय फुगणार आहे?

भाच्याच्या गाडीत त्या सीटवर माझी बहीण बसते.

आणखी एक. चावी चालू असताना हा कपलर ओढणं हेसुद्धा धोक्याचं आहे. सर्व्हिस सेंटरवाले सीट काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढतात आणि काही वेळ थांबतात, कारण एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये बॅटरी सुटल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा. एअरबॅगच्या पानांवर त्या वायरिंगला हात लावू नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. वूफरचा डबा बसत नसेल तर डबा बदला. डब्याची उंची मोजायची ती सीटचा पत्रा आणि गालिचा यांच्यात नव्हे, तर सीटखाली लटकणाऱ्या सगळ्यात खालच्या वायरीपासून. सीट एकदा पूर्ण मागे, एकदा पूर्ण पुढे नेऊन, आणि कोणाला तरी वर बसवून. माणूस बसला की स्प्रिंगा खाली येतात, हे विसरून डबा घेणारे मी कितीतरी पाहिलेत. काही गाड्यांत मागच्यांसाठी एसीचं भोकही तिथेच असतं आणि काही माइल्ड हायब्रिडमध्ये तर लिथियम बॅटरी सीटखाली बसवलेली असते. आधी वाकून, टॉर्च मारून बघा. पैसे नंतर द्या.

दुसरी स्टेप फ्यूजची: 'लाइनमधला फ्यूज करंट अडवतो, बास कमी होतो. थेट जोडा किंवा चांदीचा कागद गुंडाळा.'

हे मला फार लागलं, कारण मागच्याच पावसाळ्यात अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार एवढीच, की वूफर मधूनच बंद पडतो. गालिचा उचलून वायरीचा माग काढत पुढे गेलो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला बसवणाऱ्याने नवं भोक पाडलं होतं, रबराची बुशिंग लावलीच नव्हती. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरीची कातडी सोललेली, आतली तार उघडी, आणि पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे ठिपके. बॅटरीजवळच्या फ्यूजच्या खोबणीत फ्यूज नव्हता, सिगारेटच्या पाकिटातला कागद घडी करून खोचला होता. त्या घरातल्या माणसांचं नशीब, एवढंच मी म्हणेन.

फ्यूज वूफरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. छोट्या गाडीची बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज नसेल तर त्या वायरीची शेगडी होते, आणि ती शेगडी गालिच्याखाली, प्लास्टिकला चिकटून पेटलेली असते. म्हणूनच फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. वूफरच्या मागे असलेला फ्यूज वेगळा, तो मधल्या वायरीला वाचवत नाही. आणि 'बास कमी होतो' याचा हिशेब करा ना. २० अँपिअरच्या साध्या पात्याच्या फ्यूजचा रोध ३ ते ४ मिलीओम असतो. १५ अँपिअर वाहिले तरी त्यात ०.०६ व्होल्टच्या आत जातं. गाडी चालू असताना तुमच्याकडे १४ व्होल्ट असतात. चौदातून सहा शतांश गेल्यावर कोणाच्या कानाला बास कमी लागतो?

बास खरंच दबत असेल तर कारण वायर आहे. बाजारात स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर येते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं. चाकूने खरवडून पाहा, आत चंदेरी दिसलं की परत करा. दुसरं कारण अर्थिंग. रंगावरच रिंग आवळून अर्थ दिला की झालंच. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, अर्ध्या मीटरच्या आत अर्थ द्या. सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टखाली रिंग घालू नका, ते बोल्ट तुम्हाला धरून ठेवायला आहेत.

तिसरी जीवघेणी स्टेप डबा ठेवण्याची. 'ड्रायव्हर सीटखाली ठेवा, वेल्क्रो पुरेसा आहे, नाहीतर जमिनीत स्क्रू मारा.' एका वाक्यात दोन अपघात. पाच किलोचा डबा वेल्क्रोवर, समोर ड्रायव्हरचे पाय. जोरात ब्रेक मारला की सुटलेला डबा किंवा त्याच्या आवाजाची वायरवाली कळ सरळ पेडलच्या दिशेने येते. ब्रेकखाली काही अडकलं तर पुढे काय होतं ते मी लिहायला नको. आणि जमिनीत स्क्रू? सीएनजी गाडीच्या पोटाखालून टाकीपासून इंजिनापर्यंत पोलादी नळी जाते. टाकी भरलेली असते तेव्हा तिच्यात २०० बारपर्यंत दाब असतो. शेजारून ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी. वरून स्क्रू मारणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत नाही. डबा शेजारच्या सीटखाली ठेवा, सोबत आलेल्या पट्ट्यांनी किंवा क्लॅम्पने आवळा, सीटच्या रेलमध्ये काही येणार नाही असं बघा. गाडी वर उचलून खालून पाहिल्याशिवाय भोक पाडायचं नाही. मी स्वतःही पाडत नाही.

आता वॅटचं. 'सीटखालचा १२०० वॅटचा आठ इंची वूफर डिकीतल्या बारा इंचीइतकाच वाजतो.' यात जीव जात नाही, पैसे जातात. डबा उलटा करा आणि मागचा फ्यूज बघा. बहुतेकांवर १५ किंवा २० अँपिअर असतो. २० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट. सतत एवढेच आत जाऊ शकतात, आणि आतल्या अ‍ॅम्पमध्ये (अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) त्यातला साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. बाराशे वॅट आणायचे कुठून? त्यासाठी शंभराच्या वर अँपिअर लागतील, तेवढे छोट्या गाडीचा अल्टरनेटर सगळं बळ लावूनही देत नाही. खोक्यावर 'मॅक्स' किंवा 'पीक'च्या पुढे काय लिहिलंय ते सोडून द्या, आरएमएस बघा, म्हणजे डबा सतत पेलू शकेल ती ताकद. नावाजलेल्या कंपन्यांचे सीटखालचे आठ इंची डबे बहुतेक आरएमएस ७५ ते १२५ वॅटच्या आसपासचे असतात, आणि ते तसं छापतातही.

मुळात हे वॅटने सुटणारं कोडंच नाही. अमेरिकेत १९५७ साली केएलएच नावाची स्पीकर कंपनी निघाली. त्यातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांनी मांडलेला नियम या धंद्यात आजही 'आयर्न लॉ' म्हणून ओळखला जातो: खोल बास, छोटा डबा आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. नंतर थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांनी याचं गणित पक्कं केलं. ते असं आहे, की तेवढ्याच ताकदीत तेवढाच आवाज ठेवून बास एक सप्तक खाली न्यायचा असेल तर डबा आठपट मोठा लागतो. दुप्पट नाही, आठपट.

आता टेप घेऊन मोजा. सीटखालचा डबा साधारण ३४ बाय २३ बाय ७ सेंटीमीटर, म्हणजे बाहेरून साडेपाच लिटर. त्यात अ‍ॅम्पही बसवलेला. डिकीतल्या बारा इंचीला बंद पेटी तीस लिटरच्या आसपास देतात. शिवाय बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोनपट. तेवढीच हवा हलवायची तर आठ इंची पडद्याला सव्वादोनपट लांब आतबाहेर करावं लागेल, आणि सात सेंटीमीटर उंचीच्या डब्यात त्याला तेवढी जागाच नसते. वर अ‍ॅम्प फुल केला की कॉइल जळते. जळलेल्या कॉइलचा वास एकदा घेतलात की आयुष्यभर ओळखाल.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. मेसेजची पाचवी स्टेप म्हणते, 'गाडी जितकी छोटी तितका बास जास्त घुमतो.' हे अर्धं खरं आहे. बंद केबिन अडीच मीटर लांब धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली ध्वनीची लाट केबिनमध्ये मावेनाशी होते आणि वूफर आतली सगळी हवाच दाबू-सोडू लागतो. त्यामुळे खालच्या सुरांना फुकटची उचल मिळते, कागदावर दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. प्रत्यक्षात काचा-पत्रे हलतात, फटींतून हवा निसटते, म्हणून ती कमी मिळते. पण मिळते. म्हणूनच घरातल्या हॉलमध्ये केविलवाणा वाटणारा साडेपाच लिटरचा डबा गाडीत बऱ्यापैकी वाजतो. डग्ग्याचा घुमारा, बेस गिटारच्या खालच्या तारा अशा गोष्टी दारातल्या स्पीकरमधून अंगावर येत नाहीत, त्या इथे ऐकू येतात. तेवढ्यासाठी हा डबा घ्यावा, जरूर घ्यावा. अंगणातल्या डीजेसारखं गाडीचं छप्पर हलेल या आशेने घेऊ नये.

उरलेल्या स्टेपांवर फार वेळ घालवत नाही. 'बास कुठूनही सारखाच येतो' हे ८० हर्ट्झच्या खाली बरंचसं खरं, पण मेसेजमध्ये फिल्टर (कितीच्या वरचे सूर वूफरकडे जाऊ द्यायचे नाहीत ते ठरवणारी कळ) १५० वर ठेवायला सांगितलाय. तिथे पुरुषाचा खर्जातला आवाज सीटखालून यायला लागतो. ८० वर ठेवा. 'रिमोटची वायर थेट बॅटरीला द्या' हेही चूक. स्टिरिओ चालू झाला की अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देणारी ही वायर. ती बॅटरीला दिली म्हणजे अ‍ॅम्प रात्रंदिवस चालू, आणि तीन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी धक्का. कंपनीच्या स्टिरिओला रिमोट नसेल तर स्पीकरच्या लाइनवरून आपोआप चालू होणारा डबा घ्या, आणि वायर कापण्याऐवजी मधे बसणारा कपलर मागा. 'गेन फुल करा' तर मुळीच नाही. ती आवाजाची कळ नाही, स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालायची आहे. गाणं फाटायला लागलं की थोडी मागे आणायची आणि तिथेच सोडायची.

संध्याकाळी भाच्याकडे गेलो. त्याने आणलेला डबा नऊ सेंटीमीटर उंच होता, तो दुकानदाराने बदलून दिला. सात सेंटीमीटरचा, आरएमएस ७५ वॅटचा आणला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज, कंपनीच्याच रबरी बुशिंगमधून ओढलेली तांब्याची वायर, डबा शेजारच्या सीटखाली पट्ट्यांनी आवळलेला. पिवळा कपलर जिथे होता तिथेच आहे. सीट सगळ्या खाचांवर पुढेमागे करून पाहिली, वायर कुठेही ताणत नाही, डब्याला लागत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाइट लागला आणि काही सेकंदांत गेला, जसा जायला हवा तसा. मग बहिणीला त्या सीटवर बसवून पुन्हा खाली टॉर्च मारली. बोटभर फट शिल्लक होती.

दादा, तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. आपल्याच ग्रुपात सहा जणांकडे सीएनजीच्या गाड्या आहेत. आज रात्री डिलीट कर, आणि तुला ज्याने पाठवला त्यालाही फोन कर.