बैल जाऊ द्या, मग झोपा करू

वन्यप्राण्यांसोबत कसं राहावं, या प्रश्नानं तुम्ही उगाच झोप घालवता. ते आहेत तोवर त्रास काढायचा, आणि गेले की जीव लावायचा. प्रेम जरूर करा, पण मुहूर्त पाहून.

भरपूर असताना तर ढुंकूनही पाहू नका. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतरं अब्जावधी होती, थवा निघाला की आभाळ झाकोळायचं. इतकं आहे ते संपेल कसं? माणसांनी जाळी लावली, बंदुका चालवल्या, मेलेली कबुतरं रेल्वेनं शहरोशहरी धाडली. १ सप्टेंबर १९१४ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली आणि तिच्या नशिबाचे दिवे लागले. बर्फाच्या लादीत गोठवून तिला वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मानानं नेण्यात आलं. जिवंतपणी ही बडदास्त त्या अब्जावधींपैकी एकीच्याही वाट्याला आली नव्हती.

संख्या घटू लागली तर हुरळून जा, कारण आता भाव चढतो. ग्रेट ऑक हा न उडणारा समुद्रपक्षी विरळ झाला तसे संग्राहक त्याच्या कातड्यासाठी हात धुऊन मागे लागले. १८४४मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, ती अशाच मागणीपोटी. जपायचंच तर पेंढा भरून जपावं, खायला मागत नाही.

पण गुरू करायचा तर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्याला करा. तिथे थायलेसिन होता: पाठीवर पट्टे, पोटाला पिशवी, तोंडावळा कुत्र्याचा. मेंढ्या खातो, असा आरोप. (आरोप आणि बक्षीस यांच्या मध्ये चौकशी घुसवली की कामं रखडतात.) १८८८ ते १९०९ या काळात सरकारनं मोठ्या जनावरामागे एक पौंड मोजला, तोही दोन हजारांहून जास्त वेळा. पुढे १९१७मध्ये राज्याच्या राजचिन्हावर दोन थायलेसिन ऐटीत उभे राहिले. चित्रातल्यांना मेंढ्या पचत नाहीत, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. अखेर १० जुलै १९३६ला कायद्यानं त्यांना संपूर्ण संरक्षण दिलं आणि ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा थायलेसिन मेला. एकोणसाठ दिवस! पिंजऱ्यात का होईना, त्याला आता मारणं बेकायदेशीर होतं. ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा संकटग्रस्त प्रजातींचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. तारीख निवडावी तर अशी.

कधी हिशेब चुकतोही. चीनमध्ये १९५८पासून चिमण्यांना धान्यचोर ठरवून थाळ्या-ढोल बडवत दमून पडेपर्यंत उडवलं. मग चिमण्या जे किडे खायच्या, त्यांनीच पिकं खाल्ली. १९६०मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणी काढली आणि तिथे ढेकूण बसवला. माफी मागायची नसते, नाव बदलायचं असतं.

आता तुम्ही विचाराल, सध्या कुणावर प्रेम करावं? उत्तरी पांढरा गेंडा घ्या. सुदान हा शेवटचा नर मार्च २०१८मध्ये गेला. आता केनियात दोन माद्या आहेत, मायलेकी, भोवती अहोरात्र बंदूकधारी पहारा. झोपा तर मजबूत झाला आहे.